पुरुषार्थाचा वारसा आणि आपली मुले

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

 

पोलासपूर नगरीत सद्दालपुत्त नावाचा एक धनाढ्य कुंभार राहत असे. नगराबाहेर त्याची मडक्यांची पाचशे दुकाने होती, असे उपासकदशांग सूत्रात वर्णन आहे. हा सद्दालपुत्त गोशालकाच्या आजीविक पंथाचा अनुयायी होता. जे घडायचे ते आधीच ठरलेले आहे, प्रयत्न, बल, वीर्य, पराक्रम यांना काहीही अर्थ नाही, अशी त्याची पक्की धारणा होती. एके दिवशी तो ओली मडकी उन्हात वाळवीत असताना भगवान महावीरांनी त्याला विचारले, ‘‘ही मडकी कशी तयार झाली?’’ त्याने सांगितले, ‘‘आधी माती आणली, ती पाण्यात भिजवली, त्यात राख आणि शेण मिसळून मळली, मग चाकावर चढवली.’’ भगवंतांनी पुढे विचारले, ‘‘मग ती प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून?’’ सद्दालपुत्त आपल्या मताला जागला. ‘‘प्रयत्नावाचून, सारे ठरलेलेच असते,’’ असे तो म्हणाला. तेव्हा भगवंतांनी तिसरा प्रश्न केला. ‘‘कोणी तुझी मडकी फोडली, चोरली किंवा तुझ्या पत्नीशी गैरवर्तन केले, तर तू काय करशील?’’ तो उसळून म्हणाला, ‘‘त्याला मारीन, बांधून घालीन, प्राणही घेईन.’’ भगवंत म्हणाले, ‘‘सारे ठरलेलेच असेल तर दोष कोणाचा? आणि दोष त्या माणसाचा असेल, तर सारे ठरलेले कसे?’’ सद्दालपुत्ताचे डोळे उघडले व त्याने श्रावकव्रते स्वीकारली.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कथा आज पालकांच्या मेळाव्यात सांगण्याचे कारण असे की, सद्दालपुत्त अजून समाजात वावरतो आहे. ‘‘आमचा मोठा जात्याच हुशार, धाकट्याला मात्र डोके नाही,’’ हे वाक्य त्याचेच. ‘‘गणित आमच्या घराण्यातच नाही,’’ हेही त्याचेच. ‘‘मुलीच्या जातीला एवढे शिक्षण पुरे,’’ असे म्हणणाराही तोच. दुकानात मंदी आली तर हाच गृहस्थ नवा माल आणतो, भाव उतरवतो, सुरत-इचलकरंजीच्या फेऱ्या वाढवतो. नशिबावर हवाला ठेवून गल्ल्यावर स्वस्थ बसत नाही. धर्मस्थानात तो पुरुषार्थाचे प्रवचन मान डोलावून ऐकतो. मुलाची गुणपत्रिका हातात आली की मात्र तो एका क्षणात आजीविक होतो.

याचे एक कारण कर्मसिद्धांताच्या अपुऱ्या आकलनात आहे. मुलाला पाठ होत नाही, तेव्हा ‘‘त्याचे ज्ञानावरणीय कर्मच भारी आहे’’ असे घरातील वडीलधारे सहज बोलून जातात. शब्द शास्त्रातला आहे, अर्थ मात्र उलटा लावला जातो. आवरण म्हणजे झाकण. झाकण आहे याचाच अर्थ आत झाकलेले काहीतरी आहे. जैन दर्शनानुसार प्रत्येक आत्मा स्वभावतः अनंत ज्ञानाचा धनी आहे. फरक आहे तो क्षयोपशमाचा, म्हणजे आवरण कोठे किती विरळ झाले आहे त्याचा, आणि हा क्षयोपशम विनयाने, अभ्यासाने, स्वाध्यायाने वाढतो. ‘ढ’ नावाची आत्म्याची कोणतीही जात कोणत्याही आगमात सांगितलेली नाही.

माषतुष मुनींची कथा पाठशाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्यांना एक गाथाही पाठ होईना. गुरूंनी त्यांना हाकलून दिले नाही; पाठच लहान केला. रागावू नकोस आणि हर्षूही नकोस, एवढ्या अर्थाचे चार शब्द दिले. तेही मुनींच्या तोंडी ‘माषतुष’ असे होऊन बसले. लोक हसले, तरी ते रुष्ट झाले नाहीत. बारा वर्षे त्यांनी तेवढेच घोकले व केवलज्ञान प्राप्त केले. दिगंबर परंपरेत शिवभूती मुनींच्या नावे हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. उडीद आणि त्याचे टरफल वेगळे होताना पाहून त्यांना देह व आत्मा यांचा भेद उमगला. या कथेतील शिष्याच्या चिकाटीचे कौतुक पुष्कळ होते. गुरूंनी शिष्याचे माप पाहून पाठाचे माप बदलले, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

जिल्ह्याच्या एका गावी कापडाचा व्यवसाय असलेल्या कुटुंबाची हकीकत, त्यांच्या संमतीने व नाव-गाव वगळून, येथे सांगण्यासारखी आहे. घरात दोन मुले. थोरला बालवाडीपासून पहिला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आजोबा त्याची ओळख ‘‘हा आमचा डॉक्टर’’ अशी करून देत. धाकट्याची ओळख ‘‘हा दुकानाचा’’ अशी होई. दोन्ही वाक्ये प्रेमानेच उच्चारलेली होती. थोरल्याला दहावीत चौऱ्याण्णव टक्के गुण मिळाले. समाजाच्या गुणगौरव समारंभात शाल-श्रीफळ झाले आणि अकरावीसाठी त्याला मोठ्या शहरातील क्लासला पाठवण्यात आले. तेथे प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिलाच होता. पहिल्याच चाचणीत मुलाचा क्रमांक दोनशेच्याही पुढे गेला. घरी फोनवर त्याने ‘‘बरे चालले आहे’’ असे सांगितले. हे ‘बरे चालले आहे’ पुढे चार महिने चालले. चाचणीचे गुण पालकांना मोबाइलवर कळवले जात. मुलाने अर्जावर वडिलांच्या नंबराऐवजी आपलाच दुसरा नंबर दिला होता. दिवाळीपूर्वी दुसरा हप्ता भरण्यासाठी वडील स्वतः गेले, तेव्हा सारे उघड झाले. वसतिगृहाच्या खोलीत मुलगा बराच वेळ काही बोलेना. अखेरीस एकच वाक्य बोलला, ‘‘मी हुशार नाही, हे तुम्हाला कळू नये म्हणून केले.’’

२०२२ साली भारतात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्यातील प्रत्येक घटनेमागची कारणे वेगळी असतात आणि सगळ्यांचे खापर परीक्षेवर फोडणे योग्य नाही. तरीही त्या दिवशी ते वडील खोलीच्या दारात उभे राहून कशाच्या भीतीने थरथरले असतील, हे येथे बसलेल्या प्रत्येक आई-वडिलांना सांगावे लागणार नाही.

त्या मुलाचे खोटे बोलणे हा केवळ संस्कारांचा दोष होता काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी क्लॉडिया म्युलर यांच्यासह १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने विचार करायला लावतात. पाचवीच्या मुलांना आधी झेपतील अशी काही कोडी घालण्यात आली. ती सोडवल्यावर काही मुलांना ‘‘तू हुशार आहेस’’ अशी शाबासकी दिली, तर काहींना ‘‘तू चांगली मेहनत घेतलीस’’ अशी. पुढे काय करायला आवडेल असे विचारता, हुशारीची शाबासकी मिळालेली बहुतेक मुले आपली हुशारी टिकून दिसेल अशा सोप्या कामाकडे वळली. मेहनतीची शाबासकी मिळालेल्या मुलांनी शिकायला मिळेल असे अवघड काम निवडले. नंतर सर्वांनाच फार कठीण कोडी दिली गेली व सर्वांनाच अपयश आले. पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ मुले आपल्याच आधीच्या गुणांपेक्षा खाली घसरली आणि ‘मेहनती’ मुले वर गेली. याहून बोलका भाग पुढेच आहे. दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांना आपले गुण लिहून कळवा, असे सांगितले असता हुशारीची स्तुती झालेल्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी आपले गुण वाढवून लिहिले. केवळ एका वाक्याच्या शाबासकीने एवढा फरक पडला. मग पंधरा वर्षे रोज ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारल्यावर काय होईल?

ड्वेक यांनी २००६ साली आपल्या ‘माइंडसेट’ या पुस्तकात या दोन मनोवृत्तींना नावे दिली. बुद्धी जन्मतः मिळालेली, मोजून दिलेली ठेव आहे असे मानणारी ती फिक्स्ड माइंडसेट आणि ती अभ्यासाने, योग्य पद्धतीने व इतरांच्या साहाय्याने वाढू शकते असे मानणारी ती ग्रोथ माइंडसेट. नावे इंग्रजी आहेत, वाद मात्र पोलासपूरच्या कुंभारवाड्यातलाच आहे.

आता ध्येयाचा विचार. पुष्कळ घरांत ध्येय म्हणजे ‘डॉक्टर होणे’, ‘सी.ए. होणे’, ‘परदेशी जाणे’. ही बहुधा वडिलांची इच्छा असते, मुलगा फक्त तिचे ओझे उचलतो. दहा वर्षे दूर असलेले ते शिखर पाहून आज संध्याकाळी सात वाजता नेमके काय करायचे, हे त्याला कळत नाही. बंडुरा व शंक या दोन अभ्यासकांनी १९८१ साली वजाबाकीत मागे पडलेल्या आणि गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. सात बैठकांत बेचाळीस पाने गणिते मुलांनी स्वतः सोडवायची होती. एका गटाला सांगितले, प्रत्येक बैठकीत किमान सहा पाने करण्याचे ठरवा. दुसऱ्या गटाला सांगितले, सातव्या बैठकीअखेर बेचाळीस पाने करण्याचे ठरवा. हिशेब एकच, बेरीज एकच. पण सहा पानांचे ध्येय घेतलेल्या मुलांना वजाबाकी उत्तम आली, स्वतःवरचा विश्वास वाढला आणि ज्या विषयाचा कंटाळा होता त्यातच गोडी लागली. बेचाळीस पानांचे दूरचे ध्येय घेतलेली मुले आणि कोणतेही ध्येय न घेतलेली मुले यांच्यात काही विशेष फरक दिसला नाही.

जैन घरातील आजीला हा प्रयोग ऐकून मुळीच आश्चर्य वाटणार नाही. सहा वर्षांच्या नातवाला ती काय शिकवते? नवकारशी. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे तोंडात काही घालायचे नाही, एवढेच. ते साधले की पोरसी, मग बियासणे, एकासणे, आयंबिल, संवत्सरीचा एक उपवास. पहिल्याच वर्षी कोणी बालकाच्या गळ्यात मासक्षमण बांधत नाही. पच्चक्खाणाची रचना पाहिली तर ध्येय कसे ठरवावे याचे सारे शास्त्र त्यात सामावलेले दिसते. ते निश्चित असते. ‘जमेल तेवढे कमी खाईन’ असे पच्चक्खाण नसते. त्याला मुदत असते. ते शक्तीनुसार असते. ते ज्याचे त्याने हात जोडून घ्यायचे असते. नातवाचे पच्चक्खाण आजोबांना घेता येत नाही. शिवाय त्यात आगार असतात. विसरून घडले तो अनाभोग, अकस्मात घडले तो सहसाकार. अशा वेळी व्रत मोडले असे मानले जात नाही. मनुष्य चुकणार हे पूर्वाचार्यांनी गृहीत धरले होते. नापास झाल्यावर मुलाला घराबाहेर उभे करणाऱ्या पालकाला हे एक पच्चक्खाण नीट वाचून दाखवायला हवे.

चुकल्यानंतर काय करायचे, याचीही व्यवस्था आहेच. रोज सकाळ-संध्याकाळचे राई-देवसी प्रतिक्रमण, पंधरवड्याचे पक्खी, मग चौमासी व संवत्सरी. कापड दुकानात रोजमेळ, महिन्याची खतावणी आणि वर्षाचा ताळेबंद असतो, तसाच हा क्रम आहे. एका दिवसाचा गल्ला कमी भरला म्हणून कोणी पेढी बंद करत नाही. कोणता माल उठला नाही, याचा शोध घेतो. परीक्षेचे गुण हा एका दिवसाचा रोजमेळ आहे. आलोचनेत साधक ‘मी पापी आहे’ एवढेच म्हणून थांबत नाही. कोणता दोष, कोठे, कसा लागला, हे तो सांगतो आणि गुरू त्याला पुढे करण्याचे काम देतात. गुणपत्रिकेपुढे बसलेल्या बाप-लेकात असा संवाद क्वचितच होतो. गुणस्थानांच्या चौदा पायऱ्यांत अकराव्या पायरीवर पोहोचलेल्या थोर साधकालाही तेथून खाली यावेच लागते, हे तर जैन दर्शनाचे विधानच आहे. एवढ्या उंचीवरून उतरलेल्या जीवालाही शास्त्र परत चढण्याची वाट दाखवते. येथे प्रश्न आठवीच्या बीजगणिताचा आहे.

स्तुती कशी करावी, याचे उत्तरही पर्युषणात मिळते. एखाद्या मुलीने अठ्ठाई केली, तर कोणी ‘‘तुझी प्रकृतीच उपवासाची आहे’’ असे म्हणत नाही. सारे शाता विचारतात आणि तपाची अनुमोदना करतात. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तीन मार्गांपैकी मुलाच्या अभ्यासात करण्याचा मार्ग मुलाचा आहे. करविण्याचा मार्ग, म्हणजे वेळ, जागा, शिक्षक आणि शांत घर देण्याचा, पालकांचा. आणि अनुमोदना केलेल्या कृतीची असते. ‘‘तू हे उदाहरण तीन वेळा चुकूनही सोडले नाहीस, चौथ्या वेळी वेगळी रीत शोधलीस,’’ ही अनुमोदना झाली. ‘‘तू हुशारच आहेस’’ हे नुसते लेबल झाले, आणि लेबल कापडाला चिकटवले तरी त्याने पोत बदलत नाही.

ज्यांच्या कार्याचा अभिमान समाज नेहमी सांगतो, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण येथे टाळता येणार नाही. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. मॅट्रिकचे प्रमाणपत्र त्यांना कधीच मिळाले नाही. आजच्या एखाद्या समारंभात गुणांच्या अटीवर त्यांना व्यासपीठावर बोलावले गेले नसते. त्यांनी विक्रेता म्हणून गावोगाव हिंडून ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना सर्वांना माहीत आहे. तिच्यामागील मानसशास्त्राकडे मात्र कमी पाहिले जाते. शेतात कुदळ मारणाऱ्या मुलाला श्रमाचे फळ दिवसाअखेर डोळ्यांनी दिसते. काल ज्या हातांनी बांध घातला त्याच हातांनी आज पाटीवर अक्षर काढायचे असते, आणि बांध जमला तर अक्षरही जमेल, ही खात्री त्याला कोणी व्याख्यान देऊन पटवावी लागत नाही. ज्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी अक्षर गिरवले नव्हते, अशी मुले तेथून शिक्षक, वकील व अधिकारी होऊन बाहेर पडली. ‘विद्या त्यांच्या रक्तात नाही’ असे म्हणणाऱ्या त्या काळच्या विद्वानांना हे सद्दालपुत्ताच्या प्रश्नाइतकेच रोखठोक उत्तर होते. १९५९ साली भाऊरावांचे निधन झाले, तेव्हा संस्थेच्या शंभरांहून अधिक माध्यमिक शाळा व तीन महाविद्यालये चालू होती. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही नसलेल्या या माणसाला डी.लिट. ही पदवी दिली.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात पालक दुसऱ्या टोकाला जातात. सिद्धसेन दिवाकरांनी काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे सांगून, यांतील एकालाच धरून बसणे हे मिथ्यात्व आहे, असे प्रतिपादन केले. केवळ नियतीला धरणे हा एकांतवाद असेल, तर केवळ प्रयत्नाला धरणे हाही एकांतवादच. ‘‘तू मनावर घेत नाहीस, नाहीतर तुला काय अवघड आहे!’’ असे रोज ऐकणाऱ्या मुलाला कदाचित डिस्लेक्सिया असेल, कदाचित फळ्यावरचे अक्षर नीट दिसत नसेल, कदाचित त्याला शिकवणारेच कोणी नसेल. अक्षरे वाचणेच ज्याला कठीण जाते, त्याला अजून मेहनत कर असे सांगणे म्हणजे लंगड्याला पळ म्हणण्यासारखे आहे. अशा मुलांची वेळेवर तपासणी करून घेतली, तर राज्य परीक्षा मंडळाकडून जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. त्या घेण्यात कमीपणा मानू नये. या विषयाचे संशोधनही अतिशयोक्तीपासून सावध करते. २०१८ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला असता, केवळ मनोवृत्ती आणि गुण यांचा संबंध फार दुबळा असल्याचे आढळले. २०१९ साली अमेरिकेतील नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात, एका तासाहूनही कमी वेळाच्या मार्गदर्शनाने मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले खरे, पण थोडेच; आणि जेथे सोबतच्या मुलांतच अवघड काम अंगावर घेण्याचे वळण होते, तेथे तो परिणाम अधिक टिकला. मुलाच्या मनातील एक वाक्य बदलून भागत नाही. भोवतालच्या घराने, वर्गाने आणि समाजानेही बदलावे लागते.

आता त्या कापड व्यापाऱ्याच्या घराकडे पुन्हा वळू. थोरल्याला वडिलांनी घरी आणले नाही. क्लास सोडायचा की नाही, हे त्यालाच ठरवू दिले. त्याने राहायचे ठरवले. एक बदल मात्र आजीने केला. रोज रात्री फोनवर ती एकच प्रश्न विचारू लागली, ‘‘आज काय अडले?’’ किती गुण पडले, हे विचारायला घरात सगळ्यांनाच बंदी झाली. अडले ते एका वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी सरांपुढे नेऊन ठेवायचे, असा त्याचा नेम झाला. त्याला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गोष्ट गोड करण्यासाठी ते लपवण्याचे कारण नाही. त्याने औषधनिर्माणशास्त्राची पदवी स्वतः निवडली. आज तो शेवटच्या वर्षात आहे. आजोबांनी आपली ओळख करून देण्याची सवय मात्र फार कष्टाने सोडली.

धाकट्याची कथा निराळी. ‘दुकानाचा’ म्हटलेल्या या मुलाला आठवीत गणितात तेवीस गुण पडले. घरात कोणालाही धक्का बसला नाही, आणि खरे दुःख तेच होते. पण दुकानातील वृद्ध मुनीमजींच्या एक गोष्ट ध्यानात आली. एकशे ऐंशी रुपये मीटरच्या कापडाचा सव्वादोन मीटरचा तुकडा कापला की हा मुलगा कागद-पेन्सिल न घेता चारशे पाच रुपये म्हणून मोकळा होई. तोच मुलगा वहीत नऊ छेद चार दिसताच हात टेकीत असे. मुनीमजींनी त्याला एका दुपारी दाखवले की सव्वादोन आणि नऊ छेद चार ही एकाच मालाची दोन नावे आहेत. पूर्वी पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ करवून घेत, तेव्हा हा पूल आपोआप बांधला जाई. आता तो कोणीतरी बांधून द्यावा लागतो. त्यानंतर रोज दुकान बंद करण्याआधी पाच उदाहरणे, त्याहून अधिक नाहीत, असा नेम दोन वर्षे चालला. दहावीत त्याला गणितात एकसष्ट गुण मिळाले.

समाजाच्या गुणगौरव समारंभात त्याला बोलावणे आले नाही. मर्यादा पंच्याऐंशी टक्क्यांची होती. तो प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवीत होता.

पर्युषणात एक उपवास करणाऱ्या सात वर्षांच्या बालकालाही प्रभावना दिली जाते. मासक्षमण करणाऱ्या तपस्वीबरोबर वरघोड्यात त्याचेही स्थान असते. तेथे जो न्याय आहे तोच जूनमध्ये निकालानंतर का नसावा, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांपुढे अत्यंत आदराने ठेवावासा वाटतो. टक्केवारीनुसार होणारा गौरव बंद करण्याची गरज नाही. ज्यांनी यश मिळवले त्यांचे कौतुक व्हावेच. त्याच्याच जोडीला, मागील वर्षापेक्षा पुढे गेलेल्या मुलामुलींची दुसरी यादी असावी. अर्जात दोन ओळींची जागा ठेवावी : काय अडले होते, आणि त्यासाठी काय केले. त्या ओळी मुलाने स्वतः लिहाव्यात व व्यासपीठावरून वाचून दाखवाव्यात. समोर बसलेल्या एखाद्या मुलाचे अडलेलेही कदाचित त्यातून सुटेल. खर्च म्हणाल तर थोडी अधिक श्रीफळे आणि फार तर अर्धा तास अधिक वेळ.

पाठशाळेच्या शिक्षिकांना एक विनंती आहे. मुलांच्या नियमांच्या वहीत नवकारशी, दर्शन, सामायिक यांचे रकाने असतात. त्याच वहीत एक रकाना शाळेच्या अभ्यासातील छोट्या नेमाचा ठेवावा. नेम मुलाने निवडावा, पालकांनी केवळ सही करावी. मोडला तर लाल शाई नको. पुन्हा घेतल्याची तारीख लिहावी.

 जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.